सर्टिफिकेट कशासाठी पाहिजे?

नागपुरात कॉम्प्युटर शिकायला म्हणून एखाद्या क्लासची पायरी चढली की टेबलामागून पहिला प्रश्न येतो, "सर्टिफिकेट कशासाठी पाहिजे?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. त्याच्याकडे येणाऱ्यांची उत्तरं ठरलेली असतात. तलाठी भरती निघणार आहे, लिपिक-टंकलेखकाच्या जागा आहेत, अनुकंपाच्या यादीत नाव लागलं आहे, साहेबांनी सेवापुस्तकात नोंद करून घ्यायला सांगितलं आहे. पंचेचाळिशीतल्या एखाद्या बाईने "सर्टिफिकेट नको, मला फक्त नीट शिकायचंय" असं म्हटलं तर टेबलामागच्या माणसाची पंचाईत होते. "मग तुम्ही बेसिक करा, ताई," असं तो सांगतो. ते बेसिक म्हणजे बहुतेक वेळा त्याच कोर्सची पहिली काही प्रकरणं असतात, शेवटची परीक्षा तेवढी गाळलेली.

माझं म्हणणं साधं आहे. या शहरात कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मिळण्याची सोय चौकाचौकात आहे, कॉम्प्युटर येण्याची सोय फार थोडी आहे. या दोन्ही गोष्टी एकच असं आपण पंचवीस वर्षं धरून चाललो. त्याचा भुर्दंड आता अशा माणसांवर पडतो आहे ज्यांना नोकरी नकोच आहे.

ही सवय नागपूरला कॉम्प्युटरने लावली नाही. हे कचेऱ्यांचं शहर आहे. १९५६ पर्यंत, आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची आणि मग मध्य प्रदेशाची, राजधानी इथे होती. राजधानीपण गेलं तरी १९५३ च्या नागपूर कराराने हिवाळी अधिवेशन राहिलं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं. शिवाय महालेखापालांचं एजी ऑफिस, रिझर्व्ह बँक, वेकोलिचं म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय. या कचेऱ्यांच्या आधाराने महाल, धंतोली, धरमपेठेतली घरं उभी राहिली, आणि त्या घरांतली मुलं-मुली मॅट्रिकच्या सुट्टीत टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसली. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस. ज्याच्या हातात हे दोन कागद होते, त्याला कुठेतरी चिकटण्याची आशा होती.

त्या कागदावरचा विश्वास आंधळा नव्हता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. टायपिंगच्या परीक्षेत मशीनसमोर बसून, घड्याळ लावून, दिलेला उतारा प्रत्यक्ष टाइप करावा लागे. चुका मोजल्या जात. येत नसेल तर पास होणं कठीण. म्हणजे तो कागद आणि ती बोटं यांचा थेट संबंध होता. टाइपरायटर गेले, आता राज्य परीक्षा परिषद हीच परीक्षा जीसीसी-टीबीसी या नावाने कॉम्प्युटरवर घेते, तरी परीक्षेचा गाभा तोच आहे. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आलं तेव्हा या शहराने टायपिंगवरचा जुना विश्वास जसाच्या तसा नव्या कागदावर ठेवला. घोळ इथे झाला.

हा नवा कागद म्हणजे अर्थात एमएस-सीआयटी. २००१ साली राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखाली हा कोर्स गावोगावी पोचला. त्याचं श्रेय नाकारणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल. त्याआधी कॉम्प्युटर म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या फीच्या कंपन्या, काचेची दारं आणि जोडे बाहेर काढून जायची एसी खोली. एमएस-सीआयटीने तो काटोल, उमरेड, रामटेकच्या बाजारातल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आणला, मराठीत आणला, हप्त्याने आणला. आजही फी पाच हजारांच्या आसपास आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी माउसला हात लावला, अशा लाखो घरांत तो हात याच कोर्समुळे लागला.

पण सरकारने लगेच त्याला नोकरीची अट केलं. राज्याच्या सेवेतल्या कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी ३१ डिसेंबर २००७ पर्यंत ही परीक्षा पास व्हावं असं ठरलं. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट, बाकीच्यांची वेतनवाढ पणाला. मुदतीनंतर पास झालेल्या शिक्षकांकडून वेतनवाढीची वसुली काढण्याची प्रकरणं पुढे कित्येक वर्षं चालली, कोर्टात गेली. त्या वादात एक प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल: गुरुजींना कॉम्प्युटर आला का? वाद सगळा तारखेचा होता. सर्टिफिकेटवरची तारीख मुदतीच्या अलीकडची की पलीकडची, एवढ्यावर हजारो रुपये ठरत होते. शिकण्याला शिक्षेची भीती जोडली की माणूस शिकत नाही, सुटतो.

आता नोकरीसाठी एमएस-सीआयटीऐवजी केंद्र सरकारच्या नाइलिट या संस्थेचं सीसीसी हे सर्टिफिकेटही चालतं. त्याचा अभ्यासक्रम ऐंशी तासांचा आहे आणि त्यातले पन्नास तास प्रात्यक्षिकाचे धरले आहेत. कागदावर हे फार चांगलं दिसतं. मात्र परीक्षा वस्तुनिष्ठ प्रश्नांची आहे: शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, निम्मे बरोबर आले की पास. पाचशे रुपये आणि वर जीएसटी भरून, कुठल्याही क्लासला न जाता, घरी पुस्तक वाचून ती देता येते. हुशार मुलाला ही मोठीच सोय आहे, आणि पैसे नसलेल्या उमेदवाराला मी हाच रस्ता सुचवेन. पण 'फाइल सेव्ह करण्यासाठी कोणती कळ दाबाल' याचं उत्तर बरोबर देणं आणि आपण सेव्ह केलेली फाइल दुसऱ्या दिवशी आपल्याला सापडणं, यात बरंच अंतर आहे. लायसन्स खिशात असलेल्या सगळ्यांना संध्याकाळी सहा वाजता सीताबर्डीतून गाडी काढता येते, असं कोणी म्हणत नाही.

कॉम्प्युटर प्रत्यक्षात किती जणांना येतो ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत दिसलं. २०१७-१८ ची ही पाहणी. पाच वर्षांवरच्या लोकांपैकी कॉम्प्युटर चालवता येणारे देशाच्या ग्रामीण भागात ९.९ टक्के निघाले, शहरी भागात ३२.४ टक्के. शहरातही तिघांत एक. घरात कॉम्प्युटर असणं तर त्याहून दुर्मीळ: शहरात २३.४ टक्के कुटुंबं, खेड्यात ४.४.

यावर एक उत्तर तयार असतं. आता कॉम्प्युटर कोणाला लागतो? मोबाइल आहे ना. आजीबाईसुद्धा रील बघतात, भाजीवाला स्कॅनर लावतो. हे खरं आहे, आणि इथेच फसगतही आहे. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप होता तो सुमारे नऊ टक्के घरांत. मोबाइलवर वाढलेल्या या पिढीला मी कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत पाहतो. अंगठा विजेच्या वेगाने चालतो. पण फोटो दोनशे केबीच्या आत आणा, पीडीएफ करा, अमुक फोल्डरमध्ये ठेवा, इंग्रजी नाव आधारवर आहे तस्सं टाइप करा, असं सांगितलं की हीच मुलं कॅफेवाल्याकडे धावतात. मोबाइल वस्तू समोर आणून देतो, ती कुठे ठेवली आहे हे कळू देत नाही. सरकारी अर्जाचं सगळं काम नेमकं कुठे ठेवलं आणि कुठून उचललं याच्यावर चालतं.

कॅफेवाल्याबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण या शहराचं डिजिटल आयुष्य खऱ्या अर्थाने त्याच्या खांद्यावर आहे. त्याला सायबर कॅफे म्हणतात, नेट कॅफे म्हणतात, कुठे बोर्डवर 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' एवढंच असतं. शाळेजवळ, तहसीलच्या आसपास, मेडिकल चौकाकडच्या गल्ल्यांत. अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, जात पडताळणी, रेशनकार्डात नाव चढवणं, परीक्षेचं हॉल तिकीट. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा या दुकानांपुढच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. तो माणूस उपयोगी आहे, बहुधा प्रामाणिकही आहे. पण त्याच्या दुकानात काय घडतं ते बघा. बाईंचा ई-मेल नसतो, तो तिथल्या तिथे काढून देतो. पासवर्ड त्याच्या लांबट वहीत. घाई असली तर ई-मेलच्या रकान्यात तो स्वतःचाच पत्ता टाकतो. ओटीपी येतो, बाई मोबाइल त्याच्यासमोर धरतात. आधारचा, पासबुकाचा, जातीच्या दाखल्याचा स्कॅन त्याच्या डेस्कटॉपवर, 'न्यू फोल्डर ७' मध्ये, पुढचं गिऱ्हाईक बघू शकेल असा पडून राहतो. दोन वर्षांनी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला पासवर्ड हवा असतो, तोवर दुकान दुसरीकडे हललेलं असतं.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आल्या की आपण 'ओटीपी कोणालाही देऊ नका' असं एकमेकांना बजावतो. आणि याच व्यवस्थेत गरीब माणसाला ओटीपी अनोळखी माणसाला दिल्याशिवाय एकही सरकारी काम करता येत नाही. वर्षानुवर्षं आपणच त्याला ही सवय लावली आहे. मग एखाद्या दिवशी फोनवरचा सभ्य आवाज तेच मागतो, तेव्हा तो चटकन देतो. याला त्याचा अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही.

नोव्हेंबर महिना आला की निवृत्तांची गडबड सुरू होते. हयातीचा दाखला. २०१४ पासून जीवन प्रमाण ही ऑनलाइन सोय आहे. वेकोलितून निवृत्त झालेल्या, कोर्टातून, झेडपीतून निवृत्त झालेल्या काका लोकांना बँकेच्या पायऱ्या चढण्यातून ती सोडवू शकते. प्रत्यक्षात मुलगा पुण्याला, सून बंगळुरूला, आणि काका शेजारच्या पोराची वाट बघत बसलेले. या काकांना कुठला क्लास सांगायचा? एमएस-सीआयटी त्यांना नको, सीसीसी नको. त्यांना पंधरा दिवस, रोज एक तास, सावकाश, दहादा तेच विचारलं तरी न चिडणारा माणूस हवा आहे. असा क्लास कोणी काढत नाही, कारण तो चालत नाही. क्लासवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. जागेचं भाडं, इन्व्हर्टर, मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात मशीन थंड ठेवण्याचं वीजबिल, हे सगळं भरतीच्या हंगामावर निघतं. बिनसर्टिफिकेटचा वर्ग लावून पाहणाऱ्यालाही पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "याचं सर्टिफिकेट भेटते का?" नाही म्हटलं की पोरगं उठून शेजारच्या क्लासला.

आणि मराठीचं काय? लेखात इथवर आलेला वाचक बहुधा मराठीत टाइप करायला शिकू इच्छिणारा असेल, म्हणून सांगतो: या एका बाबतीत क्लास निवडताना सगळ्यात जास्त चौकशी करा. इथल्या डीटीपीच्या दुकानांत अजूनही कृतिदेवचं राज्य आहे. या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुम्ही रोमन अक्षरंच टाइप करत असता, फक्त पडद्यावर त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि अगम्य रोमन अक्षरांचा ढीग उरतो. मतदार यादीत नाव शोधताना, पोर्टलवर तक्रार लिहिताना, गुगलवर काही हुडकताना ही मराठी निरुपयोगी. तिथे युनिकोड लागतं. युनिकोडमध्येही कळफलक वेगवेगळे: टाइपरायटरवरून आलेला रेमिंग्टन, सरकारने प्रमाण मानलेला इनस्क्रिप्ट, आणि इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोय. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर रेमिंग्टनला पर्याय नसल्यासारखाच आहे. पण ज्याला नुसतं पत्र लिहायचं आहे त्याला सहा महिने रेमिंग्टनला जुंपणं हा छळ आहे. उच्चारावरून टाइप करायला तो आठवड्याभरात शिकेल. इनस्क्रिप्ट मधला रस्ता आहे. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, एकदा बसला की कायमचा. क्लासमध्ये या तिन्हींतलं काय शिकवता असं विचारलं आणि समोरचा गोंधळला, तर तिथून निघालेलं बरं.

भाषेचा मुद्दा भावनेचा नाही, हे अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट होते ही एक तक्रार. पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत होतं, ही दुसरी. वीस-पंचवीस वर्षं रजिस्टरं चोख ठेवणाऱ्या बायका. त्यांना काम येत होतं, मुलांची वजनं तोंडपाठ होती. त्यांना 'डिजिटल प्रशिक्षणाची गरज आहे' असं म्हणून आपण जी गोष्ट त्यांच्या माथी मारतो, ती पुष्कळदा पलीकडच्या टेबलावरच्या माणसाची चूक असते. नीट बनवलेली वस्तू शिकवावी लागत नाही, निदान इतकी लागत नाही. म्हणून क्लास हे सगळ्याचं उत्तर आहे असं मी म्हणत नाही.

सरकारांनी मात्र वेगळंच उत्तर शोधलं: तारा, टॉवर आणि घोषणा. मेळघाटातलं हरिसाल २०१६ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या मदतीने डिजिटल गाव झालं. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकऱ्यांनी त्याच गावाच्या जाहिरातीतला तरुण व्यासपीठावर उभा केला आणि 'लाव रे तो व्हिडिओ' घराघरांत पोचलं. जाहिरातीचा दावा खरा की ठाकऱ्यांची टीका, याचा निवाडा इथे करायचा नाही. गाव डिजिटल झालं म्हणजे तिथल्या माणसाला काय यायला लागलं, हे त्या सगळ्या गदारोळात कोणी मोजलं नाही, एवढंच नोंदवतो. नागपूरलाही असा एक सोहळा झाला. १४ एप्रिल २०१७ ला, डॉ. आंबेडकरांच्या जयंतीला, पंतप्रधानांनी इथे भीम-आधार या पैसे भरण्याच्या सोयीचं उद्घाटन केलं, आणि कॅशलेस व्यवहार करणाऱ्यांच्या सोडतीत लातूरच्या एका विद्यार्थिनीला एक कोटीचं बक्षीस मिळालं. तिचं अभिनंदन. पण बक्षीस पैसे भरल्याबद्दल होतं. पैसे भरायला शिकवल्याबद्दल एक कोटीचं बक्षीस कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

शिकवण्याची एक मोठी योजना त्याच वर्षी आली, प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान, लोकांच्या तोंडी पीएमजीदिशा. वीस तासांचा वर्ग, चौदा ते साठ वयाची माणसं, घरटी एक, फुकट. लक्ष्य सहा कोटींचं, आणि ३१ मार्च २०२४ ला योजना संपली तेव्हा शिकवलेल्यांचा आकडा सहा कोटींच्या वर दाखवला गेला. हे सगळं ग्रामीण भागासाठी. म्हणजे कुही तालुक्यातली बहीण पात्र, आणि नंदनवनच्या झोपडपट्टीत राहून चार घरी धुणीभांडी करणारी तिची बहीण अपात्र, कारण ती शहरवासी. शहरातला गरीब आपोआप शिकतो असं दिल्लीला वाटत असावं. चार बंगल्यांत लॅपटॉप पुसून ठेवणाऱ्या बाईला तो उघडता येतो, असा काहीसा तर्क.

केरळने हे वेगळ्या पद्धतीने केलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा या पंचायतीने आपल्या हद्दीत कोणाला काय येत नाही याची घरोघर पाहणी केली, स्वयंसेवकांनी घरी, ओट्यावर, रोजगार हमीच्या कामावर जाऊन शिकवलं, आणि २०२२ साली ती देशातली पहिली पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली. तोच नमुना राज्यभर नेला गेला. जवळपास २२ लाख लोक हुडकून काढले, शिकवले, आणि २१ ऑगस्ट २०२५ ला केरळने स्वतःला संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य घोषित केलं. शंभर टक्क्यांच्या घोषणांकडे मी संशयाने बघतो, आणि तिथे भर मोबाइलवर होता, कॉम्प्युटरवर नव्हता, हेही खरं. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिथे यादी 'कोणाला येत नाही' याची केली. आपल्याकडे यादी 'किती जणांनी प्रवेश घेतला' याची असते.

नागपूरला हे जमेल का? माणसं इथे आहेत. या शहराच्या अभ्यासिकांत एकदा डोकावून बघा. सकाळी सहापासून एकेका खुर्चीसाठी झगडणारी विदर्भभरातून आलेली मुलं-मुली. राज्यसेवा, कंबाइन, बँक, सरळसेवा. चंद्रपूर-गडचिरोलीची, गोंदिया-भंडाऱ्याची. बहुतेकांकडे एमएस-सीआयटी आहे, टायपिंग आहे, आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहण्यातला भरपूर वेळ आहे. फी भरताना जीव मेटाकुटीला येतो. एखाद्या वाचनालयाने यांतल्या मुलांना अभ्यासिकेची फी माफ करावी आणि बदल्यात आठवड्यातले तीन तास मोहल्ल्यातल्या लोकांना शिकवायला लावावं. मुलाला मुलाखतीत सांगायला खरं काही मिळेल. काकांना न चिडणारा माणूस मिळेल, निदान आठवड्यातले तीन तास तरी.

वाचनालयाचं नाव मी उगाच घेत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा हजारांहून अधिक मान्य ग्रंथालयं आहेत, अ-ब-क-ड वर्गांत वाटलेली, सरकारी अनुदानावर कशीबशी चाललेली. नागपुरात राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे, विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, महापालिकेची वाचनालयं आहेत, मोहल्ल्यामोहल्ल्यांत लहान वाचनालयं आहेत. जागा आहे, वीज आहे, टेबल-खुर्ची आहे, दाराशी बसलेला ओळखीचा माणूस आहे. मुख्य म्हणजे तिथे जायला बाईमाणसाला संकोच वाटत नाही आणि कोणी "सर्टिफिकेट कशासाठी" विचारत नाही. पुस्तकाला सदस्य व्हायला आपण कोणाची परीक्षा घेत नाही. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर यांना पुस्तकांच्याच रांगेत बसवायला काय हरकत आहे? सभासद स्वतः अर्ज भरेल, अडला तर शेजारी बसलेला मुलगा सांगेल, पण माउस सभासदाच्याच हातात राहील. हा एक नियम भिंतीवर लावला तरी पुष्कळ.

तोवर, ज्यांना उद्याच क्लास शोधायचा आहे त्यांना थोडं व्यवहाराचं. नोकरीसाठी हवं असेल तर दोन्ही रस्ते मान्य आहेत. जाहिरातीतली अट नीट वाचा, कारण बऱ्याच पदांना नियुक्तीनंतर दोन वर्षांत सर्टिफिकेट दिलं तरी चालतं आणि लोक उगाच घाबरून आधी पैसे भरतात. केंद्र अधिकृत आहे का, हे एमकेसीएलच्या किंवा नाइलिटच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, बोर्डावरच्या राजमुद्रेसारख्या चित्रावर जाऊ नका. भारदस्त नावाच्या अनोळखी 'बोर्डां'ची सर्टिफिकेटं भरतीत चालत नाहीत. दहावीनंतर वर्ष देता येत असेल तर सरकारी आयटीआयचा कोपा हा एक वर्षाचा ट्रेड क्लासच्या तीन महिन्यांपेक्षा कितीतरी भरीव आहे आणि स्वस्तही. आणि नोकरीसाठी नको असेल, स्वतःसाठी शिकायचं असेल, तर क्लासवाल्या सरांना आधीच सांगा: मला स्वतःचा ई-मेल काढून त्याचा पासवर्ड बदलता आला पाहिजे, कागद स्कॅन करून लहान करून जोडता आला पाहिजे, मराठीत युनिकोडमध्ये अर्ज लिहून प्रिंट काढता आली पाहिजे, आणि खोटी वेबसाइट खरीपासून ओळखता आली पाहिजे. एवढं शिकवायचे किती, आणि एका मशीनवर किती जण बसतात? पूर्ण फी भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघा. या शहरात तो शंभर पावलांवर असतो.

महापालिकेला एवढंच सांगणं आहे की ज्या शाळांत संगणक कक्ष आहेत, त्यांची कुलपं संध्याकाळी सहा ते आठ उघडी ठेवा. मशीन आधीच घेतलेली आहेत, वीजबिल भरलेलं आहे, आणि शिकायला येणाऱ्याला तुमच्याकडून कुठलाही कागद नको आहे.